तिसरी पिन

"काका, एका दमात घ्यायचं. मध्ये कट नाही. कट दिसला की ते लोक व्हिडिओ बाजूला टाकतात," श्रेणिक मला तिसऱ्यांदा सांगत होता.

"अरे बाबा, तुझ्या बहिणीचं लग्न साडेचार तास शूट केलंय मी. तुझी बारा मिनिटं म्हणजे काय?"

"लग्नात कट असतात की."

"तिच्या लग्नात थोडे कमी पडले. तुझे दाजी जांभई देताना तीनदा दिसतायत त्यात."

तो हसला. चोवीस वर्षांचा, काडी पैलवान, खांद्यापर्यंत केस. कोल्हापुरात अशा केसांच्या पोराला लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, काय नवस बोललाय काय रे? हा आईशी इतक्या हळू बोलायचा, की ती म्हणायची, जरा मोठ्यानं बोल. आणि माइक तोंडाला लावला की घशातून असा काही आवाज काढायचा, की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, पोराला उलटी होतेय. बँडचं नाव काय, तर 'घोरपड'. मी त्याला म्हटलंही होतं, जैनाचं पोर तू, निदान नाव तरी शाकाहारी ठेवायचं.

पण त्या दिवशी त्याचा जीव टांगणीला लागला होता आणि ते मला दिसत होतं. बंगळूरला हेवी मेटलवाल्यांचा मोठा महोत्सव भरायचा. तिथे नव्या बँडला घ्यायचं तर लोकांसमोर वाजवलेल्या कार्यक्रमाचा अखंड व्हिडिओ लागायचा आणि तो गुरुवारपर्यंत पोचायला हवा होता. पंधरा तारखेला त्याला सीमाभागातल्या एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून हजर व्हायचं होतं. वडील, भूपालअण्णा मगदूम, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, बंगळूरहून बोलावणं आलं तर एक वर्ष देतो, नाही तर बॅग भर. म्हणजे पोराचं सगळं पुढचं आयुष्य माझ्या एका कॅसेटवर होतं. मला त्याचा अभिमानच वाटला होता, खोटं कशाला सांगू?

ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या एप्रिलमधली, रविवार दुपारची. पेठेतल्या वाचनालयाचा पहिल्या मजल्यावरचा हॉल. एरवी तिथे व्याख्यानं आणि वधू-वर मेळावे व्हायचे. संध्याकाळी सहाला कुणाचं तरी प्रवचन होतं म्हणून पोरांना हॉल दोन ते पाचच मिळाला होता. दुपारी अंधार हवा म्हणून त्यांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. पंख्यांची घरघर कॅसेटवर येते म्हणून पंखे मी बंद करायला लावले. खुर्च्या बाहेर काढून ऐंशी-नव्वद पोरं काळे टी-शर्ट घालून आत कोंबलेली. माझा शर्ट अर्ध्या तासात पाठीला चिकटला.

साउंड धनाजी वरुटेचा होता. गणपती, जयंत्या, वराती, जिथे मी कॅमेरा घेऊन जायचो तिथे हा आपली खोकी घेऊन हजर. पंधरा वर्षं आम्ही एकाच मांडवात जेवलेलो. गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प त्याच्याकडे नव्हता, तो त्याने दोनच महिन्यांपूर्वी मोडीत निघालेल्या एका ऑर्केस्ट्राकडून उचलला होता. पोरं त्यावर खूश होती.

पहिली दोन गाणी झाली. पोरं डोकी हलवत होती, एकमेकांवर आदळत होती, ढोलावर इम्तियाज नावाचा पोरगा घामाने निथळत होता. मी कॅमेरा तिपाईवर लावून कानाला हेडफोन घातला होता. माझी वायर धनाजीच्या मिक्सरमधून सरळ कॅमेऱ्यात येत होती. आणि तिच्यातून एक घूंऽऽ येत होती. गाणं चालू असताना ती बुडून जायची, पण गाणं थांबलं की पुन्हा वर यायची, अंगावर डास घोंगावल्यासारखी.

तिसरं गाणं बारा मिनिटांचं होतं. तेच बंगळूरला जाणार होतं. त्याची पहिली दोन मिनिटं श्रेणिक एकटाच गिटारवर अगदी हलकं वाजवायचा, बाकी सगळं शांत. त्या शांततेत ही घूं म्हणजे खिरीत माशी. मी हात वर करून थांबवलं.

"पाच मिनिटं," मी ओरडलो. "धनाजी, घूं येतीय."

"येऊ दे की शूटिंगवाले. एवढ्या दंग्यात कुणाला ऐकू येतीय?"

"मला येतीय."

"तुमचं कानच वाकडं." पण तो मिक्सरशी खटपट करायला बसला. या वायरीला हात लाव, त्या बटणाला हात लाव. मग वैतागून म्हणाला, "जरा च्या मारून येतो, मग बघूया," आणि खाली गेला. पोरंही बाहेरच्या गॅलरीत हवा खायला गेली. स्टेजवर एकटा श्रेणिक राहिला, गिटारच्या तारा पिळत.

"काका, ही राहिली तर गेलं सगळं," तो म्हणाला. "ते लोक हेडफोन लावून ऐकतात."

"तू गप्प रहा. सासने अजून मेला नाही."

माझ्या कॅसेटमध्ये घूं आली तर गिऱ्हाइकाच्या आधी मलाच झोप लागायची नाही, असा मी माणूस. मी कॅमेरा चालूच ठेवला, कॅसेट वाया जाईल तर जाईल, आणि बॅगेतली पकड घेऊन मागे गेलो. काळ्या पडद्याआड कोपऱ्यात ॲम्पचा प्लग बोर्डात होता. तीन पिनांचा, अखंड.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. तिसरी जाडी पिन असते ती अर्थिंगची. मांडवात कुठल्या बोर्डाला तीन भोकं, कुठल्याला दोनच, म्हणून आम्ही लोक नवा प्लग आणला की पहिल्यांदा ती जाडी पिन पकडीने पिळून मोडून टाकायचो. म्हणजे कुठेही घुसतो. मंडपवाले, साउंडवाले, शूटिंगवाले, सगळे तेच करायचे. आणि एक अनुभव असा, की घूं येत असली की ती पिन काढल्यावर बहुतेक वेळा जाते. का जाते, हे आमच्यापैकी कुणीही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"जरा उजेड दाखव," मी म्हणालो. श्रेणिकने मोबाइलचा उजेड धरला. मी प्लग उपसला, पकडीत पिन धरली, दोनदा पिळली. कट्‌ झालं. पिन खिशात टाकली, प्लग परत खुपसला.

घूं गेली. खोलीतली गर्दी उठून गेल्यासारखं वाटलं.

"गेली! काका, गेली!" श्रेणिक लहान पोरासारखा ओरडला. "तुम्ही माणूस नाही, देव आहात."

"देवाला चहा तरी पाज," मी म्हणालो आणि पळत कॅमेऱ्याकडे आलो.

धनाजी वर आला, मिक्सरवरचं एक बटण फिरवलं, कान लावून बघितलं आणि चेहरा खुलला. "बघा! केली का न्हाई बंद? उगं पंधरा वर्सं झक मारतोय व्हय मी?" गॅलरीतून आत येणाऱ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी हसलो. माणसाला मोठेपणा घ्यायचा तर घेऊ दे, माझं काय जातं?

तिसरं गाणं सुरू झालं. दोन मिनिटं तो जे वाजवत होता ते मला, भजनं आणि सनईवर वाढलेल्या माणसाला, आवडलं. खरंच आवडलं. मी मुद्दाम त्याच्या बोटांवर राहिलो. मग इम्तियाजने ढोल फोडायला घेतला, बँडमधले बाकीचे दोघे तुटून पडले, आणि श्रेणिक माइकवर गेला. डाव्या हातात गिटार, ओठ माइकच्या जाळीला.

तो ताठ झाला. मान मागे, तोंड उघडं, मानेच्या शिरा दोरीसारख्या वर. गिटारमधून एक लांबच लांब किंकाळी निघाली. पोरं वेडी झाली. हात वर, आरोळ्या. मी झूम केलं. काय एक्स्प्रेशन देतोय पोरगा, असं माझ्या मनात आलं होतं, हे मला अजून स्वच्छ आठवतं. फ्रेममध्ये फक्त त्याचा चेहरा आणि माइक. चेहरा माइकपासून सुटत नव्हता. इम्तियाज वाजवत होता. मी फोकस नीट केला.

नंतर कॅसेटवर मोजलं, अकरा सेकंद.

मग तो माइकचा स्टँड घेऊनच कोसळला आणि तरी त्याचा हात सुटेना. तेव्हा मागून धनाजी ओरडला, "लाइन! करंट हाय!" आणि त्याने मेन बोर्डाची वायर उपसून काढली. सगळे दिवे गेले. अंधारात पोरं अजून ओरडत होती, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच. कुणीतरी खिडकीचा काळा कागद टराटरा फाडला आणि चार वाजताचं ऊन सरळ स्टेजवर पडलं.

इम्तियाजने छाती दाबली, धनाजीने तळपाय चोळले. मी कॅमेऱ्यामागेच उभा होतो. रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर दोन मिनिटांत बाहेर आले.

रात्री कपडे धुवायला टाकताना माझ्या बायकोला पँटच्या खिशात पितळेची पिन सापडली. "हे कामाचं आहे का?" तिने विचारलं. मी म्हणालो, टाकून दे. तिने केरात टाकली.

सोमवारी सकाळी पोलिसांनी सगळ्यांना बोलावलं. विजेचा तपासनीस येऊन गेला होता. त्याने साध्या शब्दांत सांगितलं, ॲम्प आतून खराब होता, करंट बाहेरच्या पत्र्यावर येत होता, पण अर्थिंगमधून जमिनीत जात होता. घूं येत होती ती त्याचीच. अर्थिंग तोडल्यावर तोच करंट गिटारच्या तारांत आला, आणि माइकला ओठ लागल्यावर पोराच्या अंगातून गेला. ज्याने पिन तोडली त्याने पोराला मारलं, मुद्दाम नसेल, पण मारलं.

"घूं कुणी बंद केली?" फौजदारांनी विचारलं.

"धनाजीमामांनी," इम्तियाज म्हणाला. बाकीचे दोघेही तेच म्हणाले.

"मीच केली," धनाजी म्हणाला. तो रात्रभर रडलेला दिसत होता. "पण बटणानं केली साहेब. बटण फिरवलं."

पोलिसांनी त्याच्या पेटीतले प्लग टेबलावर ओतले. चौदा होते. एकालाही जाडी पिन नव्हती. फौजदार नुसते त्याच्याकडे बघत राहिले. धनाजी त्या प्लगांकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याचा चेहरा असा झाला, की तो स्वतःलाच ओळखत नाहीये.

"सासने, तुम्ही काय बघितलं?"

"मी कॅमेऱ्यावर होतो," मी म्हणालो.

"कॅसेट?"

"उद्या आणून देतो."

घरी आल्यावर दार लावून कॅसेट बघितली. ब्रेकमधली चार मिनिटं सगळी होती. स्टेजच्या कोपऱ्यात माझी पाठ, पडदा बाजूला सारलेला, श्रेणिकच्या हातातला उजेड, माझ्या कोपराला बसलेले दोन झटके. माइक चालू होता म्हणून बोलणंही स्वच्छ. गेली, काका, गेली. तुम्ही माणूस नाही, देव आहात.

मी घाबरलो होतो. याला दुसरा शब्द नाही. माझी मुलगी बारावीला होती, स्टुडिओ नुकता रस्त्यावर आणला होता, असली कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. ॲम्प शेवटी धनाजीचाच होता की, खराब ॲम्प त्यानेच आणला, हेही दिलं. लेन्सला झाकण लावलं, वायर काढली, आणि त्या चार मिनिटांवर चार मिनिटं नुसता अंधार रेकॉर्ड केला. मंगळवारी कॅसेट नेऊन दिली. ब्रेकमध्ये कॅमेरा झाकला होता, म्हणालो. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

पंधरा दिवसांनी भूपालअण्णा स्टुडिओत आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, पण दाढी वाढलेली. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"त्या दिवशीचं काही आहे का तुमच्याकडं?"

"कॅसेट पोलिसांत आहे अण्णा. माझ्याकडं दोन गाण्यांची कॉपी आहे. देतो की."

"गाणं नको. गाण्यात त्याचा आवाज त्याच्या आईला ओळखू येत नाही. ती म्हणते, हा माझा नाही. मध्ये कुठं नुसता बोललेला असेल, चहा द्या, पाणी द्या, असं कायतरी... तेवढंच मिळालं तर बघा. लग्नाच्या कॅसेटमध्ये शोधलं आम्ही. त्यात पोरगं कुठं बोललेलंच नाही. सारखं कामात."

मी कपाटातल्या कॅसेटी उगाच खालीवर केल्या. त्यांच्याकडे पाठ होती तेवढं बरं होतं.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "बोललेलं काही नाही."

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही त्याच्यासाठी फार धडपडलासा त्या दिवशी. पोरं सांगत होती." आणि हात जोडून गेले.

धनाजीवर निष्काळजीपणाची केस झाली. जामीन मिळाला, पण धंदा बसला. मंडळांनी त्याला बोलावणं सोडलं. केस दोन वर्षं चालली. शेवटी त्याने कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केला आणि त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. वकील म्हणायचा, हा बाबा गप्प बसला असता तर सुटला असता, पिन कुणी मोडली याचा पुरावाच नव्हता. गावातही लोक म्हणायचे, बघा, साधा माणूस, पण मन किती स्वच्छ.

तो कबूल का झाला, ते मला माहीत आहे. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तारखेच्या आधी तो माझ्याकडे आला होता. सकाळी, मी नुकतं शटर वर केलं होतं. वाळून गेला होता. मी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. त्याने चहाला हात लावला नाही.

"सासनेसाहेब, एक इचारायचं हुतं. खरं सांगायचं."

"विचार की."

"वकील म्हनतोय, न्हाई म्हन. मोडली न्हाई म्हन. पर मला आठवंनाच झालंय." तो स्वतःचे तळहात उलटसुलट करून बघत होता. "दोन महिने ॲम्प माज्याकडं हुता. आनल्या दिवशी मोडली का, त्या दिवशी मोडली का, का मोडलीच न्हाई? प्रत्येक प्लगची मोडतो मी, ह्याचीच कशी ठेवली असंल? निजलो की हात पकड धरल्यागत वळतोय. कवा वाटतंय मोडली, कवा वाटतंय न्हाई. बायकू म्हनती, याड लागंल तुमास्नी."

मी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.

"मोडली असंल तर मोडली म्हनतो. जातो आत. त्याचं मला कायबी न्हाई. पर न मोडता मोडली कसं म्हनू? आन् मोडून न्हाई कसं म्हनू? त्या अण्णांच्या तोंडाकडं बघून?" त्याने वर बघितलं. "तुमी स्टेजजवळ हुतासा. तुमचं ध्यान लई बारीक. मी पडद्यामागं गेलेलो तुमी बघितलंसा काय?"

रस्त्यावरून शाळेच्या रिक्षा चालल्या होत्या. त्या सगळ्या जाईपर्यंत मी थांबलो.

"होय," मी म्हणालो. "चहा पिऊन वर आलास तेव्हा. पकड होती तुझ्या हातात."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता हा रडणार, नाही तर माझ्या अंगावर येणार. त्याने छातीत भरलेला सगळा श्वास सोडला आणि त्याचे खांदे खाली आले. दोन वर्षांत मी त्याला असं बघितलं नव्हतं.

"सुटलो बघा," तो म्हणाला. "लई उपकार झालं तुमचं. येवढंच कुनीतरी सांगाय पायजे हुतं."

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले. मग गार झालेला चहा एका घोटात प्यायला आणि उठला. आता आधी मगदूमअण्णांच्या घरी जातो, म्हणाला, पाया पडतो, माज्या हातनं झालं म्हनून सांगतो, मग वकिलाकडं.

मगदूमांचं घर आमच्या रस्त्याच्या टोकाला, तालमीच्या पलीकडे. स्टुडिओच्या पायरीवरून त्यांचं फाटक दिसतं. धनाजी सावकाश चालत गेला, वाटेत एकाशी थांबून बोलला, पुढे गेला, फाटकाशी उभा राहून त्याने चपला काढल्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी पायरीवर उभा राहून बघत होतो. अण्णा दार उघडून बाहेर आले.